लेक पुण्याला, आम्ही उन्हात

शाळा उघडली की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय मॅडम, काय केलं सुट्टीत?" आणि माझं उत्तरही दरवर्षी ठरलेलंच. "कशाचं काय, लेकीचे क्लास!" यंदा मात्र उत्तराच्या आधी मला हसूच फुटलं. कुठून सुरू करावं तेच कळेना! किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. एक होतो, आपण म्हणतो, चला, झालं एकदाचं. तो सांगून होईस्तोवर दुसरा दारात उभा!

आधी थोडी ओळख. आम्ही दोघं जालना जिल्ह्यात अंबडला राहतो. मी चौथीचा वर्ग शिकवते, आमचे हे हायस्कूलला भूगोल. लग्न ठरलं तेव्हा दोघं एकाच शाळेत होतो. मी त्यांना 'सर' म्हणायची, ते मला 'मॅडम'. ते आजतागायत तसंच आहे. घरात कडाक्याचं भांडण झालं तरी "सर, तुमचं बिलकुल चुकलं!" असंच भांडण!

आमची तन्वी गेल्या वर्षी पुण्याला कॉलेजला गेली. तिच्या परीक्षा लांबल्या, म्हणून उन्हाळ्यात ती येणार नव्हती. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुट्टीत आम्ही दोघंच! मला वाटलं, सर उदास होतील. कसले उदास! सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सकाळी फ्रिजवर एक फुलस्केप कागद चिकटवलेला. वर ठळक अक्षरात 'उन्हाळी नियोजन' आणि खाली तीन रकाने: फिरणे, खाणे, घरकाम. जणू तपासणीला साहेबच येणार होते!

* * *

घरकामाची सुरुवात हॉलच्या भिंतीपासून झाली. रंगाच्या दुकानात सरांनी शेडकार्ड हातात घेतलं आणि एका पिवळट हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. "मॅडम, हा बघा. मोसंबी! आपण जालन्याचे, आपल्या घरात मोसंबीच पायजे."

मी म्हणलं, "सर, कार्डावर टिकलीएवढा दिसतोय. भिंतीवर कसा दिसेल?"

"भिंतीवर मोठी मोसंबी दिसेल!"

दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून रंग मारला. सर शिडीवर, मी खाली. संध्याकाळी ट्यूबलाईट लावली आणि दोघंही भिंतीकडं बघत बसलो. काहीतरी बिघडलं होतं, पण काय ते कळेना. सर थकून कॉटवर आडवे झाले, डोक्याखाली पांढरी उशी. तेवढ्यात तन्वीचा व्हिडिओ कॉल आला. मी उत्साहानं मोबाईल भिंतीकडं फिरवला.

पोरगी किंचाळलीच. "आई! पप्पांना काय झालं? कोणत्या दवाखान्यात आहात?"

* * *

दुसरं काम स्लॅबचं. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी पंखा लावला तर वरून भट्टीचीच हवा खाली येते. सरांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, की स्लॅबवर पांढरा रंग मारला की खाली घर गार राहतं. लगेच बादली, ब्रश, आणि उन्हाची तिरीप लागू नये म्हणून तन्वीचा जुना गुलाबी गॉगल! गल्लीतल्या बायका आपापल्या गच्चीवरून बघून राहिल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरं सांगते, घर गार झालं! पहिल्या दुपारी हॉलमध्ये पाय ठेवला तर फरशीसुद्धा गार. सर छाती काढून नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मंदाकाकू लसणाची पाटी घेऊन आल्या. "मॅडम, तुमच्याकडं बसून निवडते जरा." लसूण झाला, पण काकू गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काका उशी घेऊन आले. चौथ्या दिवशी समोरचं अख्खं कुटुंब चटईसकट! आमच्याच हॉलमध्ये आम्हाला पाय टेकायला जागा नाही. मी आणि सर किचनच्या ओट्याखाली सतरंजी टाकून झोपलो.

पाचव्या दिवशी दुपारी सर बाजारातून भाजी घेऊन घामाघूम होऊन आले. दार उघडलं, आत ओळीनं माणसं घोरत पडलेली. कुणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून सर बिचारे उंबऱ्यातच उभे राहिले. काकांनी एक डोळा किलकिला केला आणि म्हणाले,

"सर, दार लावा की जल्दी. गार हवा बाहेर जाऊन राह्यली!"

* * *

लोणारचा किस्सा मात्र मी जरा हळू सांगते.

सर बावीस वर्षांपासून लोणारचं सरोवर शिकवतात. आकाशातून उल्का आली, आदळली, एवढा खड्डा झाला, त्यात खारं पाणी साचलं. पोरं तोंडाचा आ करून ऐकतात. पण सरांनी स्वतः ते कधी पाहिलेलंच नव्हतं! जालन्यापासून काही फार लांब नाही, पण राहूनच गेलं. कधी निवडणुकीची ड्युटी, कधी पेपर तपासणी, कधी तन्वीची दहावी. एकदा एका पोरानं भर वर्गात विचारलं होतं, "सर, तुम्ही कधी गेल्ते?" आणि सरांनी "पुढचं वाच" म्हणून विषय बदलला होता. हे त्यांनी मला यंदा बसमध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही काठावर पोचलो. खाली गोल, खोल, हिरवंगार पाणी आणि भोवती रान. मी म्हणलं, "अगं बाई!" सर काठाजवळ सरकले. टोपी काढून हातात धरली आणि उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं, ऊन लागलं की काय. मी पाण्याची बाटली पुढं केली.

तेव्हा हळूच म्हणाले, "मॅडम, मी फळ्यावर फारच लहान काढत होतो हो."

मग जी वाचा फुटली! उल्का कुठून आली, खडक कसा वितळला, पाणी खारट का, सगळं हात हलवून हलवून, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. सांगत होते मला, पण बघता बघता आजूबाजूला पंधरा-वीस माणसं जमली. एक अमरावतीकडचं कुटुंब होतं, दोन कॉलेजच्या पोरी वहीत लिहून घेत होत्या. एक म्हातारे आजोबा तर मांडी घालून खालीच बसले. सरांना आता कोण थांबवणार! पाऊण तासानं संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आजोबा उठले आणि सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "लई झ्याक सांगितलं, गाईडसाहेब! किती वर्षं झाली हे काम करून?"

"बावीस," सर म्हणाले.

"आन् इथं कधीपासून?"

"आज सकाळपासून."

* * *

आता खाण्याकडं येऊ.

आमच्या शाळेतल्या एका मॅडमचं माहेर कुंभार पिंपळगावचं. त्या वर्षभर आमचे कान खात होत्या, की आमच्या गावात एक मामा मिरचीचे भजे तळतात, तसे भजे तुम्हाला दुसरीकडं मिळायचे नाहीत. सरांनी 'खाणे'च्या रकान्यात पहिलं नाव तेच लिहिलं. एके सकाळी स्कूटरवर आम्ही निघालो. डोक्याला रुमाल, तोंडाला ओढणी, डोळ्यांपुढं नुसते भजे! मी तर सकाळी चहासोबत खारीसुद्धा खाल्ली नव्हती. पोटात जागा पाहिजे ना!

पोचलो तर हॉटेल बंद. भट्टी थंड, कढई पालथी. शेजारी एक टेलर मशीनवर बसला होता. त्याला विचारलं.

"मामा? मामा आज न्हाईत. लग्नाची ऑर्डर हे त्यांची. पहाटंच गेल्ते टेम्पोत सामान टाकून."

"कुठं?"

"अंबडला. ते शिक्षक कॉलनी का काय म्हणतात, तिथं."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं. शिक्षक कॉलनी म्हणजे आमच्या मागची गल्ली! आणि त्या लग्नाची पत्रिका आमच्याच टीव्हीवर पडून होती. आदल्याच दिवशी मी म्हणलं होतं, "लग्नात काय जायचं सर, तेच ते जेवण!"

स्कूटर वळवली. भर दुपारी, तोंड भाजत, मध्ये फक्त एकदा पाणी प्यायला थांबून मांडवात पोचलो तर पंगती उठलेल्या. खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या. मामा कढई घासून टेम्पोत चढवत होते. आम्ही धापा टाकत सगळी हकीकत सांगितली. मामा इतके हळहळले, की त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं.

"अरारारा! तेल आत्ताच उतरवलं हो. पण काळजी करू नका. उद्या पिंपळगावला या, गरमागरम देतो!"

* * *

कुरडयांचं ऐका.

दरवर्षी मी मंदाकाकूंच्या हाताखाली कुरडया करते. यंदा सर म्हणाले, "आपण दोघंच करू, बघू काय अवघड हे." गहू भिजवले, चीक काढला, शिजवला. सोऱ्या फिरवायला सरांचा हात मजबूत! गच्चीवर जुनी साडी अंथरून कुरडयांच्या अशा ओळी घातल्या, की कवायतीला उभ्या आहेत असं वाटावं. सरांनी स्वतः राखण घेतली. चिमण्या-कावळे हाकलायला एक काठी, डोक्यावर छत्री, हातात पेपर.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खालून हाक मारली, "सर, वाळल्या का?" मी जिन्याकडं निघाले. वर पेपर तोंडावर घेऊन सर गाढ झोपलेले. आणि नेमकी त्याच वेळी वावटळ उठली! मी जिन्यात पोचले तेव्हा साडी अशी फुगून वर चाललेली, आणि कुरडया? वाळून हलक्या झालेल्या, भिंगरीसारख्या चौफेर उडाल्या. सर जागे होऊन काठी घेऊन हवेत मारत होते. कुणाला, ते त्यांनाच माहीत!

गोळा करून करून निम्म्याच हाती लागल्या. संध्याकाळी मंदाकाकू ताटली झाकून घेऊन आल्या. वरचा कागद काढला तर आत तळलेल्या, फुललेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया!

"घ्या मॅडम. गच्चीवर आपोआप पडल्या. म्हणलं, आभाळातून आल्यात, एकटीनं कशा खायच्या!"

सरांनी एक तोंडात टाकली. काकूंनीही एक टाकली आणि चावत चावत म्हणाल्या, "मीठ जरा कमी हे. पण देवाला कसं बोलायचं?"

* * *

डॉक्टरांनी मार्चमध्येच सरांना सांगितलं होतं, साखर काठावर आहे, गोड बंद. फ्रिजवरच्या कागदात 'खाणे' खाली मी लाल पेनानं लिहून ठेवलं, 'गोड सोडून'. सरांनी मान हलवली. आज्ञाधारक विद्यार्थी!

किचनच्या बेसिनला नवीन नळ बसवायचा होता, म्हणून एक दिवस सर एकटेच जालन्याला गेले. मी डबा दिला. दुपारी फोन केला, "जेवले का?"

"जेवलो की. मटकीची उसळ, दोन पोळ्या."

बरं वाटलं. मी निवांत मोबाईल घेऊन बसले. आमचा एक जुना विद्यार्थी आहे, चौथीत माझ्याकडं होता, दहावीत सरांकडं. आता जालन्यात त्याचं मिठाईचं दुकान आहे. त्याचं स्टेटस उघडलं आणि बघते तर काय! सर टेबलापाशी बसलेले, तोंडात चमचा, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधीचा आनंद! खाली लिहिलेलं, 'आमचे लाडके गुरुवर्य आंबा रबडीची तिसरी प्लेट घेताना. सरांचे आशीर्वाद असेच राहोत!'

सर संध्याकाळी आले. नळाची पिशवी ठेवली, कपाळ पुसलं. "आज जेवायला थोडंच वाढा. उन्हानं भूक मेली."

मी मोबाईल उघडून त्यांच्या हातात दिला. सरांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. मग अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "हा फोटो जुना हे."

"बराबर," मी म्हणलं. "मग फोटोत टेबलावर हा नवीन नळ कुणाचा हे?"

* * *

आता शेवटचा. हा सांगताना माझा आवाज अजून वर चढतो, तर सांभाळून घ्या.

माझं माहेर जांब समर्थच्या अलीकडं. शेत कालव्याच्या पट्ट्यात, त्यामुळं विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी असतं. मोठी दगडी विहीर, आत उतरायला पायऱ्या. माझे तिन्ही भाऊ त्या विहिरीत पोहायला शिकले. मी काठावर त्यांचे कपडे धरून बसायची. एकदा मी म्हणलं, मलाही उतरायचंय, तर अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पोरीच्या जातीनं विहिरीत उड्या मारायच्या न्हाईत." विषय संपला. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मे महिन्याच्या मध्यात मी सरांना म्हणलं, "मला पोहायला शिकायचंय."

सर चपापले. त्यांना स्वतःला पोहता येत नाही. "मॅडम, आधी बाथरूमच्या टाइल्स बसवू ना." पण मी पिशवी भरली होती!

धाकटा भाऊ विष्णू शेती बघतो. तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून तयार झाला. पाठीला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधला, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट, आणि मी उतरले. चव्वेचाळिसाव्या वर्षी! पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी. दुसऱ्या दिवशी पायरी सोडून दोन हात लांब गेले आणि आनंदानं अशी ओरडले, की बाजूच्या शेतातल्या बाया धावत आल्या. सर वरून पोरांना सांगावं तसं सांगत होते, "श्वास धरा! पाय हलवा! शाब्बास!" आई रोज विहिरीजवळच्या लिंबाखाली बसून शेंगा फोडायची. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काडी. मला उतरू नको म्हणली नाही आणि उतर असंही म्हणली नाही. नुसती बघायची.

तिसऱ्या दिवशी मी पाण्यात होते आणि लाईट आली. विष्णू म्हणाला, "ताई, मी मोटर चालू करून आलो. मी येईस्तोवर पायरी सोडू नको."

तो वळला आणि मी पायरी सोडली. काय सांगू, मला वाटलं मला आता येतंय! अर्ध्या विहिरीपर्यंत गेले असेन. तेवढ्यात पाठीवर काहीतरी सैल झालं. दोरीची गाठ सुटली होती. डबा एकटाच तरंगत बाजूला गेला आणि मी खाली!

पाणी हिरवं दिसलं, मग काळं. वर आले तेव्हा सरांचा आवाज ऐकू आला, "विष्णू! विष्णू!" परत खाली गेले. पाय मारतेय, हात मारतेय, धरायला कुठं काहीच नाही. मनात एकच आलं, तन्वीची परीक्षा चालू आहे, तिला कसं कळवतील.

आणि धप्पकन आवाज झाला. मला वाटलं, सरांनी उडी मारली. म्हणलं, झालं, आता दोघंही! पण कुणीतरी मागून माझी वेणी धरली आणि असा हिसका दिला, की माझं तोंड पाण्याबाहेर आलं. "हातपाय मारू नको," कानाशी आवाज आला. मी सोडून दिलं अंग. पाठीवर सरकत सरकत पायरीला लागले, दगड धरला, खोकले, वळून पाहिलं.

आई होती!

लुगड्याचा काष्टा मारलेला, पदर कमरेला खोचलेला, पांढरे केस गालाला चिकटलेले. वरच्या पायरीवर सर एक बूट काढून, एक पायात ठेवून उभे. ते खाली आले, माझा हात धरला आणि सोडेचनात. विष्णू ओरडा ऐकून पळत आला आणि काठावर थिजला.

"आई? तुला पोहता येतं?"

आई त्या घरात लग्न होऊन आली, त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. या विहिरीचं पाणी तिनं शेंदलं, डोक्यावर वाहिलं. पण आम्ही चार भावंडांनी तिला गुडघाभर पाण्यात उतरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"कधी शिकली? कुठं शिकली? कुणी शिकवलं?" विष्णू विचारून राहिला होता.

आईनं पदर पिळला. मधोमध तरंगणाऱ्या डब्याकडं बघितलं. मग पायरीवरून अशी पाण्यात सरकली, की थेंबसुद्धा उडाला नाही. डब्यापर्यंत गेली, त्याला एका हातानं पायरीकडं ढकललं आणि स्वतः उताणी झाली. दोन्ही हात पसरून, आभाळाकडं बघत, कितीतरी वेळ तशीच. मग मान न वळवताच तिनं मला हाक मारली.

"शोभे, कात्रीवानी पाय मारून राह्यली होती तू. बेडकावानी मारायचे. चल, ये इकडं."